राजमुकुट, पार्लमेंट आणि तिजोरीची किल्ली

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन भरते. अर्थमंत्री अंदाजपत्रक मांडतात, खात्याखात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा होते, मते घेतली जातात आणि अखेरीस विनियोजन विधेयक संमत होते. या विधेयकाचे कायद्यात रूपांतर होईपर्यंत राज्याच्या एकत्रित निधीतून त्या खर्चासाठी एक पैसाही काढण्याची मुभा सरकारला नसते. कायद्याचा आधार असल्याखेरीज कोणताही कर बसविता वा वसूल करता येणार नाही, असा निर्बंध आपल्या संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदाने घातला आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा सारा विधी काहीसा रूक्ष वाटतो. मागण्यांच्या पुस्तिका, कपातसूचना, लेखानुदान हे शब्द वाचून तो पान उलटतो. परंतु या रूक्ष नियमांचे मूळ ज्या देशात आहे, त्या इंग्लंडमध्ये ते रुजविताना एका राजाचे मस्तक धडावेगळे झाले, दुसऱ्या राजाला देश सोडून पळावे लागले आणि मधल्या काळात हजारो माणसे आपल्याच देशबांधवांशी लढताना मारली गेली.

स्वातंत्र्यप्रेमी जनता एका बाजूस आणि जुलमी राजे दुसऱ्या बाजूस, असे या झगड्याचे चित्र शालेय पुस्तकांतून पुष्कळदा रेखाटले जाते. ते पुरते खरे नाही. पार्लमेंटमध्ये बसणारे लोक हे मुख्यत: जमीनदार, वकील आणि धनिक व्यापारी होते. सामान्य शेतकऱ्याला वा मजुराला मताचा अधिकार नव्हता. राजाशी त्यांचे भांडण जुंपले ते प्रथम स्वत:च्या खिशासाठी आणि स्वत:च्या धर्ममतासाठी. मात्र ते भांडताना त्यांना जी तत्त्वे पुढे मांडावी लागली, ती त्यांच्या वर्गापुरती मर्यादित राहणे शक्य नव्हते.

पूर्वपीठिका

या कथेचा आरंभ सामान्यत: १५ जून १२१५ या दिवसापासून करतात. त्या दिवशी टेम्स नदीकाठच्या रनिमीड येथील कुरणात बंडखोर सरदारांच्या दडपणाखाली जॉन राजाने महासनदेवर (मॅग्ना चार्टा) मोहोर उठविली. काही रूढ प्रसंग सोडल्यास राज्याच्या सर्वसाधारण संमतीवाचून राजाने सरदारांकडून युद्धपट्टी वा मदतीचा पैसा घेऊ नये, असे तिच्यातील एक कलम होते. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी जॉनच्या मृत्यूनंतर सनद पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा नेमके हेच कलम तिच्यातून गाळलेले होते. तरीही गरज कायद्यापेक्षा बलवत्तर ठरली. पहिल्या एडवर्डला युद्धासाठी पैसा हवा होता आणि नुसत्या सरदारांकडून तो पुरेसा मिळत नव्हता. म्हणून १२९५ साली त्याने प्रत्येक परगण्यातून दोन नाइट व निवडक शहरांतून दोन नागरिक असे प्रतिनिधी बोलाविले. सायमन द माँटफर्ट याने १२६५ मध्येच हा प्रयोग केला होता. राजाने आता तो आपला मानला. प्रतिनिधी आले ते पैसा देण्यासाठी. पण येताना ते आपली गाऱ्हाणीही घेऊन आले. गाऱ्हाण्यांची दाद आधी, पैसा नंतर, ही रीत हळूहळू पडत गेली.

पार्लमेंटला स्वत:चे असे अस्तित्व मात्र नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. राजाने बोलाविले तर ते भरे, राजाच्या मनास आले की विसर्जित होई. एलिझाबेथ राणीच्या पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत पार्लमेंटसाठी निवडणुका झाल्या त्या अवघ्या दहा वेळा. तिचा पिता आठवा हेन्री याने रोमच्या पोपशी संबंध तोडण्याचे प्रचंड काम १५२९ ते १५३६ या काळातील पार्लमेंटकडून कायदे करवून पार पाडले. आपण पार्लमेंटला हवे तसे राबवून घेतले, असे त्याला वाटले असेल. पण देशाचा धर्म बदलण्याइतकी मोठी गोष्ट ज्या संस्थेच्या कायद्याने होते, त्या संस्थेचे वजन वाढल्यावाचून कसे राहील?

दुसरीकडे राजघराण्याची तिजोरी आटत चालली होती. राजाने आपला नेहमीचा खर्च आपल्या जमिनी आणि ठराविक हक्क यांच्या उत्पन्नातून भागवावा, अशी जुनी समजूत होती. सोळाव्या शतकात भाववाढ झाली, युद्धे महाग झाली आणि राजांनी जमिनी विकून खाल्ल्या. १६०३ मध्ये स्कॉटलंडहून येऊन पहिला जेम्स गादीवर बसला, तेव्हा त्याच्या वाट्याला आले ते कर्ज आणि मोठे बोलण्याची हौस. राजे हे ईश्वराचे प्रतिनिधी होत, असे तो पार्लमेंटसमोर आग्रहाने सांगे. सरन्यायाधीश एडवर्ड कोक यांनी १६११ मध्ये त्याला बजावले की, देशाचा कायदा राजाला जेवढा विशेषाधिकार देतो तेवढाच त्याला आहे आणि नुसत्या जाहीरनाम्याने तो नवा गुन्हा निर्माण करू शकत नाही. पाच वर्षांनी कोक यांना न्यायासनावरून दूर करण्यात आले. पण त्यांचे ते मत मात्र कायद्याच्या ग्रंथांत राहिले. ते पुढे कोठे उपयोगी पडले, हे शेवटी येईलच.

वीस शिलिंगांचा खटला

१६२५ मध्ये पहिला चार्ल्स राजा झाला. आयातनिर्यात मालावरील जकात नव्या राजाला जन्मभरासाठी मंजूर करण्याचा प्रघात होता. कॉमन्स सभेने ती एकाच वर्षासाठी देऊ केली. चार्ल्सने मग मंजुरीवाचूनच जकात वसूल केली आणि धनिकांकडून सक्तीचे कर्ज मागितले. ते नाकारणाऱ्यांना तुरुंगात टाकले. पाच नाइटांनी न्यायालयाकडे धाव घेतली. तेव्हा अटकेचे कारण एवढेच सांगण्यात आले की, राजाची तशी खास आज्ञा आहे. यातूनच १६२८ चा ‘हक्कांचा अर्ज’ पुढे आला. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर नाही, कारण दाखविल्यावाचून कैद नाही, लोकांच्या घरांत सैनिकांचा मुक्काम नाही आणि शांततेच्या काळात लष्करी कायदा नाही, अशा चार मागण्या त्यात होत्या. पैशाच्या निकडीपोटी राजाने संमती दिली. पण ती पाळण्याचा त्याचा विचार दिसला नाही.

२ मार्च १६२९ रोजी सभा तहकूब करण्याची राजाज्ञा घेऊन सभाध्यक्ष फिंच खुर्चीवरून उठू लागले, तेव्हा हॉलिस व व्हॅलेंटाइन या दोन सभासदांनी त्यांना अक्षरश: खुर्चीत दाबून धरले. त्या गोंधळात, दारे आतून बंद करून, पार्लमेंटने न दिलेली जकात भरणाराही राज्याचा शत्रू होय, असा ठराव झाला. या प्रकरणाचा सूत्रधार सर जॉन एलियट तीन वर्षांनी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतच वारला. त्याचा देह गावी नेण्याची परवानगी त्याच्या मुलाने मागितली. राजाने तीही नाकारली.

यानंतर अकरा वर्षे चार्ल्सने पार्लमेंट बोलाविलेच नाही. मग पैसा कोठून आणावयाचा? जुन्या दप्तरांतून विस्मृत हक्क शोधून काढण्यात आले. त्यांतील सर्वांत गाजलेला म्हणजे ‘जहाजपट्टी’. युद्धाच्या वेळी किनाऱ्यावरील बंदरांनी राजाला जहाजे किंवा त्यांची किंमत द्यावी, अशी ही रूढी होती. चार्ल्सने १६३४ मध्ये युद्ध नसताना ती बंदरांवर बसविली आणि पुढच्या वर्षी समुद्र कधी न पाहिलेल्या आतील परगण्यांवरही लादली. बकिंगहॅमशायरचा एक सधन जमीनदार जॉन हॅम्डेन याने आपल्या एका जमिनीवरील वीस शिलिंग भरण्यास नकार दिला. त्याला वीस शिलिंग जड नव्हते. त्याला प्रश्न न्यायालयापुढे आणावयाचा होता.

हा प्रश्न कराचा होता तितकाच दुसऱ्या एका गोष्टीचा होता. राष्ट्रावर संकट आले असता राजाने तातडीने उपाय करावा, याबद्दल वाद नव्हता. पण संकट आले आहे की नाही, हे ठरविणार कोण? राजाच्या वकिलांचे म्हणणे होते की, तो निर्णय एकट्या राजाचा. तसे मानले तर राजाला केव्हाही ‘संकट’ असे म्हणून कोणाच्याही मालमत्तेवर हात टाकता येईल, असे हॅम्डेनच्या बाजूने मांडण्यात आले. १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सातांनी राजाच्या बाजूने व पाचांनी हॅम्डेनच्या बाजूने मत दिले. राजाची बाजू हिरिरीने उचलून धरणाऱ्यांत, नऊ वर्षांपूर्वी खुर्चीत दाबून धरले गेलेले तेच फिंच न्यायाधीश म्हणून होते! खटला राजाने जिंकला. पण एवढ्या निसटत्या निकालाचा अर्थ लोकांना बरोबर कळला आणि पट्टीची वसुली झपाट्याने कोसळली.

चार्ल्सला अखेर नमविले ते स्कॉटलंडने. तेथील चर्चवर नवे प्रार्थनापुस्तक लादण्याच्या अट्टाहासातून युद्ध उभे राहिले, स्कॉटिश फौज इंग्लंडात घुसली आणि तिला थोपवून धरण्यासाठी दररोज ८५० पौंड देण्याचे राजाला कबूल करावे लागले. एवढा पैसा आता पार्लमेंटवाचून मिळणे शक्य नव्हते. १६४० च्या एप्रिलमध्ये बोलाविलेले पार्लमेंट त्याने तीन आठवड्यांत मोडले. पण नोव्हेंबरात पुन्हा बोलाविणे भाग पडले. इतिहासात ‘दीर्घ पार्लमेंट’ म्हणतात ते हेच.

४ जानेवारी १६४२

या पार्लमेंटने वर्षभरात जुन्या व्यवस्थेचा पाया उखडला. तीन वर्षांतून एकदा तरी पार्लमेंट भरलेच पाहिजे, जहाजपट्टी बेकायदा, राजाच्या मर्जीने चालणारे स्टार चेंबर न्यायालय रद्द, आणि स्वत:च्या संमतीवाचून हे पार्लमेंट विसर्जित होणार नाही, असे कायदे झाले. याच वेळी राजाचा कर्तबगार मंत्री स्ट्रॅफर्ड याच्यावरील राजद्रोहाचा खटला सिद्ध होईना, तेव्हा पार्लमेंटने खास कायदा करून त्याला मृत्युदंड दिला. कायद्याचे राज्य हवे म्हणून लढणाऱ्यांनी कायदा असा वाकवावा, हे त्यांच्या चाहत्यांनाही सहजासहजी पचणारे नाही.

आयर्लंडमध्ये बंड उसळताच नवा प्रश्न उभा राहिला. ते मोडण्यासाठी उभारलेले सैन्य कोणाच्या हाती द्यावयाचे? राजाच्या हाती दिले तर ते उद्या पार्लमेंटवरच चालून येईल, ही भीती होती. राजाच्या कारभाराचा पाढा वाचणारे ‘महानिवेदन’ कॉमन्समध्ये १५९ विरुद्ध १४८ अशा अवघ्या अकरा मतांनी संमत झाले. सभागृह दुभंगले होते. चार्ल्सने थोडा धीर धरला असता तर कदाचित पुढचा इतिहास वेगळा झाला असता. धीर हा त्याचा गुण नव्हता.

४ जानेवारी १६४२ रोजी सुमारे चारशे सशस्त्र लोक घेऊन तो स्वत: कॉमन्सच्या सभागृहात शिरला. पिम, हॅम्डेन, हॉलिस, हेझलरिग व स्ट्रोड या पाच सभासदांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडावयाचे होते. त्यांना आधीच सुगावा लागला होता आणि ते नावेतून शहराकडे निघून गेले होते. राजाने बाके न्याहाळली आणि ते कोठे आहेत, असे सभाध्यक्ष लेंथल यांना विचारले. लेंथल यांनी गुडघे टेकून नम्रपणे उत्तर दिले की, सभागृह आज्ञा करील त्याखेरीज येथे मला पाहण्यास डोळे नाहीत आणि बोलण्यास जीभ नाही. तोपर्यंत सभाध्यक्ष हा पुष्कळसा राजाचा माणूस समजला जाई. त्या एका उत्तराने तो सभागृहाचा सेवक झाला. पाखरे उडून गेल्याचे पाहून राजा रित्या हातांनी परतला. सहा दिवसांनी त्याने लंडन सोडले. तो पुन्हा तेथे आला तो सात वर्षांनी, कैदी म्हणून.

यादवी युद्धाचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. १६४५ मधील नेझबीच्या लढाईने राजाचा पराभव निश्चित झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, युद्ध चालविण्यासाठी पार्लमेंटने मासिक पट्ट्या आणि जिन्नसांवरील अबकारी कर बसविले आणि त्यांचा बोजा जहाजपट्टीपेक्षा कितीतरी अधिक होता. लोकांनी निवडलेल्यांनी बसविला म्हणून कर हलका होत नाही, याचा अनुभव लोकांना आला. सैन्यातील शिपायांना तर आणखी एक प्रश्न पडला. १६४७ च्या अखेरीस लंडनजवळ पटनी येथील चर्चमध्ये सैन्याची सभा भरली. गरिबातल्या गरीब माणसालाही आपले जीवन जगावयाचे असते. म्हणून ज्या सरकारच्या आज्ञेत त्याने राहावयाचे, त्याला त्याची संमती हवी, असे कर्नल रेन्सबरो याने तेथे मांडले. मालमत्ता नाही त्याला मत नाही, असे क्रॉमवेलचा जावई आयर्टन याचे उत्तर होते. त्या वेळी आयर्टनची बाजू वरचढ ठरली. रेन्सबरोचे म्हणणे कायद्यात उतरण्यास आणखी पावणेतीनशे वर्षे लागली.

पुढे सैन्याने पार्लमेंटचाच कबजा घेतला. डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल प्राइडने दारात उभे राहून नको असलेले सभासद परत पाठविले. उरलेल्या मूठभर सभासदांनी, सर्व न्याय्य सत्तेचे मूळ जनतेत आहे आणि कॉमन्सचा निर्णय हाच कायदा, असे जाहीर केले. तो दिवसही ४ जानेवारीच होता, १६४९ चा. खास न्यायालयापुढे उभ्या केलेल्या चार्ल्सने बचाव करण्याचेच नाकारले. कोणत्या अधिकाराने माझा न्याय करता, एवढेच तो विचारीत राहिला. ज्या सत्तेला कायद्याचा आधार नाही ती कायदे करू लागली, तर कोणाही प्रजाजनाचे जीवित वा मालमत्ता सुरक्षित नाही, असे तो म्हणाला. आयुष्यभर कायदा झुगारून राज्य केलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द यावेत, हा दैवदुर्विलास खरा. पण त्याच्या प्रश्नाला न्यायालयापाशी उत्तर नव्हते, हेही खरे. ५९ जणांच्या सह्यांनी आज्ञापत्र निघाले आणि ३० जानेवारी १६४९ रोजी व्हाइटहॉल राजवाड्यासमोर त्याचा शिरच्छेद झाला. चार वर्षांनी, २० एप्रिल १६५३ रोजी, क्रॉमवेलने शिपाई आणून उरलेले पार्लमेंटही हाकलून दिले. राजाला जे साधले नव्हते, ते पार्लमेंटच्या सेनापतीने केले.

मुंबईचे दहा पौंड

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स परत आला. पार्लमेंटने त्याला वर्षाला बारा लाख पौंड मिळतील अशी तरतूद केली. प्रत्यक्षात हाती येई ते त्याहून कमी. या चणचणीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत पोचतो. पोर्तुगालच्या कॅथरिनशी झालेल्या त्याच्या विवाहाच्या १६६१ मधील करारात मुंबई बेट त्याला आंदण मिळाले. एवढ्या दूरच्या बेटाचा बंदोबस्त राखणे खर्चाचे होते आणि त्यासाठी पार्लमेंटपुढे हात पसरणे राजाला नको होते. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. सहा वर्षांनी, १६७४ मध्ये, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन हा याच कंपनीचा वकील होय.

चार्ल्सने पार्लमेंटला टाळण्याचा दुसरा मार्गही शोधला होता. तो फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडून गुप्तपणे पैसे घेत असे. आपल्या राजाने शेजारच्या राजाचा मिंधा व्हावे पण आपल्या प्रतिनिधींना हिशेब देऊ नये, हा त्या काळातील राजकारणाचा लज्जास्पद भाग होता. त्याच्याच कारकिर्दीत १६७९ चा बंदी प्रत्यक्षीकरणाचा (हेबिअस कॉर्पस) कायदा झाला. आपल्या उच्च न्यायालयांत आज ज्या नावाने अर्ज दाखल होतात, ते नाव त्याच परंपरेतले.

दुसऱ्या जेम्सला १६८५ मध्ये पार्लमेंटने मोठ्या औदार्याने जन्मभराचे उत्पन्न दिले. त्या पैशावर त्याने खडे सैन्य वाढविले, कायद्याने मनाई असता कॅथॉलिक अधिकारी नेमले आणि कायदेच स्थगित करण्याचा हक्क सांगितला. त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या सात बिशपांवर त्याने खटला भरला. ३० जून १६८८ रोजी ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले आणि त्याच दिवशी सात प्रमुख व्यक्तींनी हॉलंडच्या विल्यमला निमंत्रण धाडले. ५ नोव्हेंबरला विल्यम टॉरबे येथे उतरला. जेम्स पळाला. जाताना त्याने राजमुद्रा थेम्समध्ये फेकली. जणू तिच्यावाचून राज्यकारभारच थांबेल! १६८९ च्या ‘हक्कांच्या सनदे’ने कायदे स्थगित करणे, संमतीवाचून कर आणि शांततेच्या काळात संमतीवाचून खडे सैन्य या तिन्ही गोष्टी बेकायदा ठरविल्या आणि सभागृहातील भाषणाबद्दल बाहेर कोठेही जाब विचारता येणार नाही, असे ठरविले.

माझ्या मते, सनदेइतकीच परिणामकारक ठरली ती पार्लमेंटची हात आखडता घेण्याची नवी सवय. विल्यमला जकात जन्मभरासाठी न देता १६९० मध्ये चारच वर्षांसाठी दिली गेली. सैन्याच्या शिस्तीचा कायदाही अल्प मुदतीचा केला. फ्रान्सशी युद्ध चालू असल्याने पैसा तर दरसाल हवा. परिणामी १६८९ पासून पार्लमेंट भरले नाही असे एकही वर्ष गेलेले नाही. १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशांना राजाच्या लहरीपासून अभय मिळाले. दोन्ही सभागृहांनी मागणी केल्याखेरीज त्यांना काढता येईना. आपल्या न्यायाधीशांना पदावरून दूर करण्याच्या तरतुदीत याच कल्पनेचे प्रतिबिंब आहे. पार्लमेंटने संमत केलेल्या विधेयकास राजसत्तेने संमती नाकारल्याचा अखेरचा प्रसंग १७०८ मधील, ॲन राणीच्या वेळचा. पुढे राजाचे अधिकार मंत्र्यांच्या हाती गेले आणि मग प्रश्न उलटला : राजाच्या नावाने मंत्र्यांनीच पार्लमेंटला डावलले तर?

सप्टेंबर २०१९ मध्ये हेच घडले. पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून पार्लमेंट पाच आठवडे स्थगित करण्यात आले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरविली आणि निकालपत्रात चारशे वर्षांपूर्वीच्या कोक यांच्या १६११ मधील मताचा आधार घेतला. दुसऱ्याच दिवशी सभागृह पुन्हा भरले.

चार्ल्सनंतर कोणताही राजा वा राणी कॉमन्सची सभा चालू असताना तेथे शिरलेली नाही. अधिवेशनाच्या उद्घाटनाचे भाषण लॉर्डसच्या सभागृहात होते. कॉमन्सच्या सभासदांना बोलाविण्यास ‘ब्लॅक रॉड’ हा राजाचा दूत येतो, तेव्हा त्याच्या तोंडावर दार लावून घेतले जाते. तीन वेळा दार ठोठावल्यावर ते उघडते. भाषण ऐकून परतलेले सभासद त्यावर चर्चा सुरू करण्यापूर्वी एका भलत्याच विधेयकाचे प्रथम वाचन उरकून घेतात. त्या विधेयकावर पुढे कधीच चर्चा होत नाही. राजाने सांगितलेल्या कामाआधी आपले काम हाती घेण्याचा आपल्याला हक्क आहे, एवढे नोंदवून ठेवण्यासाठी ते असते.